सांगाडा झाला, माती कधी चढवणार?

मराठीत 'साहित्य' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांशेजारी सुखाने नांदतात. एक आमच्या विभागाच्या पाटीवर असतो; दुसरा पाककृतींच्या पुस्तकात, 'कृती' या शब्दाच्या वर. पहिल्या अर्थाचे साहित्य मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात शिकवतो आहे. दुसऱ्या अर्थापाशी थांबण्याची वेळ आली ती एका चिठ्ठीमुळे. गावातल्या कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात एका शिल्पाखाली ती चिकटवलेली होती. तिच्यावर विद्यार्थिनीचे नाव, वर्ष आणि खाली एवढेच : 'साहित्य : तार'. शेजारच्या शिल्पांच्या चिठ्ठ्यांवर शाडू, प्लास्टर, काळा रंग, ब्राँझ पावडर अशी भरघोस यादी होती. त्या रांगेत हा एकच शब्द जरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

शिल्पही तसेच होते. एक माणूस वाकून बसला आहे. त्याच्या मांडीवर विजेच्या मोटारीचा सांगाडा आहे आणि तो तिच्यात तांब्याची तार भरतो आहे. ही विद्यार्थिनी मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराची मुलगी. जळालेल्या मोटारींतून निघालेली तार सोडवून, सरळ करून तिने हे काम केले होते. माणसाची पाठ म्हणजे चार-पाच रेषा. डोके जवळजवळ नाहीच. मानेवरून गेलेली तार एक वळसा घेऊन परत खांद्यावर येते. बोटांपाशी मात्र तार दाट होते, आणि तीच तार पुढे जाऊन मोटारीतले वेटोळे बनते. बोट कुठे संपले आणि वेटोळे कुठे सुरू झाले, हे शोधू गेल्यास सापडत नाही. मी बराच वेळ शोधत होतो.

नंतर तिच्याशी बोलताना कळले की, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे काम पाहून तिला एकच प्रश्न विचारला होता : "सांगाडा चांगला झालाय. माती कधी चढवणार?" ती हे सांगताना हसत होती. गुण सांगताना मात्र हसली नाही.

हा प्रश्न आणि त्यामागची समजूत हा या लेखाचा विषय आहे. परीक्षकांची टवाळी करण्याचा हेतू नाही. मुळात हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. मातीकामाच्या वर्गात विद्यार्थी पहिली गोष्ट शिकतो ती सांगाडा बांधण्याची. लाकडी पाटावर लोखंडी सळई घट्ट बसवायची, तिच्यावर तार पिळून हातापायांची दिशा ठरवायची, माती घसरू नये म्हणून लाकडाच्या लहान लहान फुल्या तारेने टांगायच्या, आणि मग माती चढवायची. पुढे साचा, प्लास्टर, ऐपत असेल तर ब्राँझचे ओतकाम. या सगळ्या प्रक्रियेत तारेचे काम भार पेलण्याचे आणि न दिसण्याचे. कुठे कोपरातून तार डोकावली तर तो दोष. ज्याने आयुष्यभर असे शिकवले, त्याला नुसती तार पाहून काम अर्धवट वाटणे स्वाभाविक आहे.

शिवाय या पद्धतीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तिथेच शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे यांनी १८९६च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' घडवली, तीही प्लास्टरमध्ये. एका विद्यार्थ्याचे काम एवढे गाजावे, हे भाग्य त्या काळी क्वचितच कुणाला लाभले. पुढे महाराष्ट्रातल्या चौकाचौकांत जे पुतळे उभे राहिले, ते या माती–प्लास्टर–ब्राँझच्या वाटेनेच आले. शिल्पकाराचे पोटही बव्हंशी त्याच वाटेवर भरते. तेव्हा परीक्षकांच्या प्रश्नात केवळ अभिरुची नव्हती. 'हे शिकून तू पुढे काय करणार' ही काळजीही असावी. ती मी नाकारत नाही.

तरीही तो प्रश्न चुकीचा होता, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी एका दुसऱ्या कलाविद्यार्थिनीची हकिगत सांगायला हवी.

रूथ असावा १९२६ साली कॅलिफोर्नियातील नॉरवॉक येथे एका जपानी शेतकरी कुटुंबात जन्मली. स्थलांतरित जपान्यांना तिथे जमिनीची मालकी मिळत नसे. आईवडील खंडाने जमीन घेऊन भाजीपाला पिकवत. जमीन सपाट करणाऱ्या, घोड्याने ओढायच्या अवजारावर मागच्या बाजूला बसून, पाय मातीत टेकवत आपण लाटांसारखे आकार काढत असू, ही आठवण ती पुढे सांगत असे. १९४२ साली, युद्धकाळात, अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. तिच्या वडिलांना आधीच अटक झाली होती. बाकी कुटुंबाची रवानगी सांता अनीता येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाली आणि तिथल्या तबेल्यांत त्यांना राहावे लागले. त्याच मैदानावर डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले काही जपानी वंशाचे चित्रकारही कैदेत होते. ते मुलांना चित्रकला शिकवू लागले. रूथचे कलाशिक्षण असे सुरू झाले.

तिला कलाशिक्षिका व्हायचे होते. त्यासाठी तिने मिलवॉकीच्या अध्यापक महाविद्यालयात शिक्षण घेतले. पण पदवीसाठी आवश्यक असलेले शाळेतले प्रत्यक्ष पाठ घेण्याची परवानगी, ती जपानी वंशाची म्हणून, मिळू शकली नाही. पदवी राहिली. १९४६ साली ती ब्लॅक माउंटन कॉलेज या उत्तर कॅरोलिनातील छोट्या, काहीशा विक्षिप्त संस्थेत दाखल झाली. तिथे जोसेफ आल्बर्स शिकवत होते. जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये शिकवलेला हा माणूस नाझींच्या राजवटीत देश सोडून आला होता. त्यांच्या वर्गात महागडी सामग्री नसे. वाळकी पाने, कागद, दगड, जे हाती येईल ते घेऊन त्या वस्तूला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे विद्यार्थ्याने शोधायचे. कागद कात्रीने कापण्याआधी तो घडी घालून उभा राहतो का, हे पाहायचे. हे ऐकायला खेळासारखे वाटते. प्रत्यक्षात ती करडी शिस्त होती.

१९४७च्या उन्हाळ्यात रूथ मेक्सिकोतील तोलुका येथे गेली. तिथल्या बाजारात अंडी ठेवायच्या तारेच्या टोपल्या मिळत. तार एका लाकडी दांडीभोवती वळवून, एकात एक फासे अडकवत त्या विणलेल्या असत. हे विणकाम तिने स्थानिक कारागिरांकडून शिकून घेतले आणि परत येऊन तेच करत राहिली. टोपलीचे तोंड बंद करून टाकले तर काय होईल? आत आणखी एक टोपली विणली तर? बाहेरची पृष्ठे आत वळवून आतली पुन्हा बाहेर काढली तर? यांतून छताला टांगलेली, एकात एक आकार सामावणारी तिची शिल्पे जन्मली. आपल्याकडच्या वाचकाला ती पाहून प्रथम सुगरणीचा खोपा आठवेल, आणि बहिणाबाईंच्या कवितेवर वाढलेल्यांना तर हटकून आठवेल. ही तुलना मला अगदीच वरवरची वाटत नाही. खोप्याला वेगळा सांगाडा नसतो आणि वरून चढवलेली वेगळी माती नसते. विणच भार पेलते, विणच आकार देते.

असावाच्या शिल्पात नेमके हेच घडले. तार पूर्वी आत दडून भार पेलत होती. आता तीच पृष्ठ झाली, तीच घनता झाली, आणि पृष्ठ असूनही आरपार दिसत राहिली. आतला आकार बाहेरच्या आकाराआड लपत नाही. भिंतीवर सावली पडते ती वेगळेच चित्र काढते. मातीत किंवा दगडात हे होऊ शकत नाही. तिच्या कामाकडे 'बायकी हस्तकला' म्हणून पाहणारे समीक्षक तेव्हा होतेच. सहा मुलांची आई घरात मुलांच्या गराड्यात बसून तार विणते, म्हटल्यावर तसे म्हणणे सोपेही होते. पुढे २०२० साली अमेरिकेने तिच्या शिल्पांची टपाल तिकिटे काढली. पण तोवर तिला जाऊन सात वर्षे झाली होती.

तिच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९६२ साली कुणी मित्राने तिला वाळवंटातले एक झुडूप आणून दिले. ते इतके गुंतागुंतीचे होते की तिला ते कागदावर काढता येईना. तेव्हा ते समजून घेण्यासाठी तिने आधी तारेत बांधून पाहिले. मध्याशी तारांचा जुडगा, मग त्याच्या दोन शाखा, त्यांच्या पुन्हा दोन. चित्र काढण्यासाठी केलेल्या या खटपटीतून तिच्या शिल्पांचा एक नवाच प्रकार निघाला. म्हणजे तार इथे आधी ठरलेली कल्पना साकार करण्याचे साधन नव्हती. विचारच तारेने चालला होता.

अलेक्झांडर काल्डरचे उदाहरण अनेकांना माहीत असते. त्याच्या आजोबांनी फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवरचा विल्यम पेनचा सदतीस फुटी ब्राँझ पुतळा घडवला, वडीलही शिल्पकार. नातवाने पॅरिसमध्ये १९२६ पासून तार, बुचे, चिंध्या आणि दोरा यांतून एक सर्कस केली, जी पेट्यांत भरून कुठेही नेता येई आणि जी तो स्वतः जमिनीवर बसून मित्रांसमोर चालवून दाखवी. १९५५ साली तो अहमदाबादला साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून आला, तेव्हा इथेही त्याने काही शिल्पे केली. आपल्याकडचे म्हणाल तर रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९३८ साली 'संथाळ कुटुंब' सिमेंट आणि तांबड्या खडीत उभे केले. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या दोरखंडाला गाठी मारमारून माणसाहून उंच आकृती घडवल्या. तेव्हा साध्या साहित्यातले शिल्प ही काही कालपरवाची टूम नव्हे.

आता प्रतिवाद. कुणी म्हणेल, म्हणजे उद्या कुणीही तार वाकवावी आणि तिला शिल्प म्हणावे? तर नाही. साहित्य साधे आहे एवढ्यावर कुठलेही काम मोठे होत नाही. आपल्या शाळांत 'टाकाऊतून टिकाऊ' नावाची स्पर्धा असते. तिच्यात प्लास्टिकच्या बाटलीचा मोर होतो, नारळाच्या करवंटीचे कासव होते. कौतुक कशाचे, तर बाटली बाटली वाटत नाही याचे. तिथे साहित्याने वेषांतर करायचे असते. तारेची सायकल, तारेचा गणपती हे प्रकार बहुधा याच जातीचे. हौस म्हणून ते छानच; पण तारेत असे काही घडलेले नसते जे पेन्सिलीने घडले नसते. 'गरिबीतून फुललेली कला' ही वर्तमानपत्री कौतुकाची तऱ्हाही मला तितकीच नकोशी वाटते. रिवाइंडिंगवाल्याच्या मुलीने टाकाऊ तारेतून शिल्प केले, या बातमीत तिचे शिल्प कुणी पाहतच नाही. शिवाय ती तार टाकाऊ नव्हे. तांबे भंगारातही वजनावर विकले जाते, आणि ते किती जाते हे त्या घराला नेमके ठाऊक आहे.

मग कसोटी कोणती? आम्हा मराठीच्या लोकांना ती अपरिचित नसावी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) आपण वर्षानुवर्षे शिकवतो. संवाद, विरोध, समतोल ही त्यांची लयतत्त्वे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. त्या विवेचनाच्या मुळाशी जो आग्रह आहे तो मात्र आपण घाईने ओलांडतो : कोणत्याही कलेचा विचार करायचा तर तिचे माध्यम कोणते, हे आधी पाहिले पाहिजे. मर्ढेकरांची सगळी उत्तरे पटतातच असे नाही. पण प्रश्न त्यांनी योग्य ठिकाणी विचारला. शिल्पापुढे उभे राहून 'यात माती कुठे आहे' असे न विचारता 'ही तार इथे काय करते आहे' असे विचारणे, एवढेच त्या आग्रहाचे व्यावहारिक रूप आहे.

तारेला तिचे स्वतःचे काही म्हणणे असते. तापलेले तांबे नरम पडते, वाकवले की कडक होत जाते. त्याच जागी पुन्हापुन्हा वाकवले तर तुटते. म्हणजे तारेत खोडरबर चालत नाही. मातीत चूक झाली तर थोडी काढून पुन्हा लावता येते. तारेत चुकीचा वाक सरळ केला तरी त्याची खूण उरते. म्हणून तारेत काम करणाऱ्याला बेताने आणि निश्चयाने वागावे लागते. ज्या कामात हा निश्चय दिसतो आणि जे दुसऱ्या कशातही झाले नसते, ते काम पुरे आहे. त्यावर काही चढवायचे उरलेले नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी त्या मुलीचे वडील आले होते. मी त्यांना शिल्पाविषयी विचारले. ते जरा संकोचले. मग म्हणाले, "सर, काम चांगलंय. पण वेढा उलटा पडलाय. अशी भरली तर मोटार उलटी फिरेल." मुलगी चटकन पुढे झाली आणि खरेच की, म्हणाली. तिने वडिलांना समोर बसून पाहिले होते आणि बनवताना डावे-उजवे झाले होते.

त्या सबंध प्रदर्शनात मला ऐकू आलेली ही सर्वांत चांगली समीक्षा. तिच्यात कौतुक होते, दोष दाखवलेला होता, आणि दोष दाखवला तो तारेच्याच भाषेत. परीक्षकांनी जे नाही त्याविषयी विचारले. या माणसाने जे आहे त्यात चूक काढली. मूल्यमापनात आपण इतके तरी करावे, अशी माझी मागणी आहे. गुण कमी द्यायला हरकत नाही. त्या शिल्पात कच्चेपणा होताच. डाव्या पायाची रेषा नुसतीच लोंबकळत होती. पण गुण कापायचे तर त्या पायासाठी कापावेत. आणि ही मुलगी मातीकामही नीट शिको. आल्बर्सच्या वर्गातली शिस्त पाहिली तर 'मला तार आवडते, बाकी नको' या म्हणण्याला तिथेही थारा नव्हता.

हे सगळे दुसऱ्यांना सांगणे सोपे. घरी परतताना मला गेल्या वर्षीची एक उत्तरपत्रिका आठवली. एम.ए.च्या परीक्षेत लयतत्त्वावर पंधरा गुणांचा प्रश्न होता. बहुतेकांनी सहा-सात पाने लिहिली होती : मर्ढेकरांचा जीवनपट, ग्रंथांची यादी, व्याख्या, मतमतांतरे, समारोप. एका विद्यार्थ्याने दीड पान लिहिले होते. त्याने एकच कविता घेतली होती, तिच्यातला विरोध कुठल्या शब्दापाशी सुरू होतो आणि समतोल कसा अर्धाच साधतो, हे दाखवले होते आणि तो थांबला होता. मी त्याला सहा गुण दिले. समासात लिहिले, 'विस्तार हवा'.

सांगाडा झाला, माती कधी चढवणार, असेच मी त्याला विचारले होते. वाईट याचे की, ते उत्तर वाचताना ते वेगळे आहे हे मला कळले होते. पण पंधरा गुणांना किती पाने, हा हिशेब माझ्या हातात इतका मुरला आहे की पेन आपोआप चालले. आपण विद्यार्थ्यांना अल्पाक्षरी कवितेचे मोठेपण शिकवतो आणि त्याच प्रश्नाचे उत्तर मात्र पाल्हाळाने मागतो. मार्गदर्शिका खपतात त्या याच जोरावर. विद्यार्थी हुशार असतात. माती चढवायला ते लवकर शिकतात. पुढे त्यांचे प्रबंधही तसेच होतात, आणि आपणच म्हणतो की हल्ली संशोधनात जीव नाही.

असो. त्या मुलीपुढे आता दोन वाटा आहेत. घरच्यांचे म्हणणे, कलाशिक्षक पदविका घेऊन शाळेत नोकरी धरावी; तिला शिल्पाचेच पुढचे शिक्षण घ्यायचे आहे. परीक्षेतले गुण या दुसऱ्या वाटेच्या आड येऊ शकतात. मी कोणताही सल्ला दिलेला नाही, कारण तिच्या घरचा हिशेब मला ठाऊक नाही. तिला असावाविषयी मात्र सांगितले. पाठ घेण्याची परवानगी न मिळालेल्या त्या बाईने १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत मुलांसाठी कार्यशाळा सुरू केली. दुधाचे रिकामे डबे, लोकर आणि कणीक-मिठाचा गोळा हे तिथले साहित्य. पुढे याच कणकेत मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून घडवलेली शहराची चित्रे ब्राँझमध्ये ओतून तिने एक कारंजे उभारले, ते १९७३ साली पुरे झाले. म्हणजे शाळा आणि शिल्प या दोन वाटा एकमेकींना भेटतच नाहीत असे नाही. तिने हे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, कणीक ओतकामाला टिकते?" मला सांगता आले नाही.

परवा ती बाजारात भेटली. मोटारीतली तार तिने सगळी सोडवली आहे. वडिलांना शेजारी बसवून वेढा पुन्हा सुलट भरते आहे. तीन ठिकाणी तार तुटली, म्हणाली. त्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेचे मात्र आता काही करता येण्यासारखे नाही.